दागिने मोडू नका

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. रोज चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. परदेशात पेशी घालून लोकांचं इन्सुलिन सुटलं, असं वाचलं. इकडच्या एका केंद्राने स्टेमसेलने कायमचं बरं करतो म्हणून साडेचार लाख सांगितलेत. दागिने मोडावेत का? दिरांचं यकृत निकामी होत आलंय, त्यांनाही हे चालेल म्हणे. – एक आई, कराड

उत्तर : ताई, दागिने कपाटातच राहू द्या.

तुम्ही वाचलंत ते मात्र खोटं नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके म्हणजे स्वादुपिंडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून ते सुटे करतात आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सलाइनसारखे सोडतात. २००० साली कॅनडातल्या एडमंटनला डॉ. जेम्स शपिरो यांच्या चमूने अशा सात जणांचं इन्सुलिन थांबवलं आणि जगभर गाजावाजा झाला. पुढे तिथल्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब आला, तेव्हा इन्सुलिनविना राहिलेले दहात एक. तरी बहुतेकांच्या पेशी थोडंफार काम करत होत्या, साखर एकदम घसरून बेशुद्ध पडणं कमी झालं होतं. माझ्या मते खरी कमाई तीच.

आता त्याची किंमत. शरीराने या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यांनी जंतुसंसर्ग वाढतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, कर्करोगाचा धोकाही वाढतो. शाळकरी पोरीचं इन्सुलिन सोडवायला हे गळ्यात का बांधायचं? म्हणूनच हा उपचार मुख्यतः साखर घसरल्याचं कळतच नाही अशा मोठ्या माणसांसाठी आहे.

दात्यांची वानवा म्हणून आता मूळ पेशींपासून, म्हणजेच स्टेमसेलपासून, प्रयोगशाळेत असे पुंजके वाढवतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं, पण प्रतिकारशक्ती दाबणारी ती औषधं त्यांनाही होतीच. त्याच वर्षी स्वीडनमधून बातमी आली: दात्याच्या पेशींच्या जनुकांत बदल करून त्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत ठेवल्या, आणि अशा औषधांशिवाय त्या तगल्या. इन्सुलिन बनलं अगदी थोडं, त्याची इंजेक्शनं चालूच राहिली. तरी मी सर्वांत जास्त आशेने पाहते ते याच वाटेकडे.

त्या केंद्राला एवढंच विचारा: चाचणी सीटीआरआयमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडे मधुमेहावर स्टेमसेल द्यायचे तर मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि चाचणीतल्या उपचाराचे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाख मागितले, यातच काय ते आलं.

दिरांचं वेगळं. यकृताच्या पेशी टोचण्याचे प्रयोग झालेत, पण मोठ्यांत त्यांचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही. जवळच्या नातेवाइकाने यकृताचा तुकडा देणं हा मात्र रुळलेला उपाय आहे. देणाऱ्याचं उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. त्यांना यकृत प्रत्यारोपण होतं अशा रुग्णालयात लवकर न्या.

मुलीच्या इन्सुलिनच्या जागा रोज बदलता ना? एकाच जागी टोचून गाठ झाली असेल, तर तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. मांडी आणि पोट बोटांनी चाचपून बघा, आणि काय आढळलं ते कळवा.