फुकट जेवू घालणारी माणसं

मस्कतहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.ला अमेरिकेत गेला, एका छोट्या युनिव्हर्सिटीच्या गावी. विमानतळावर घ्यायला तिथल्या चर्चमधलं एक वयस्कर जोडपं आलं. गादी, टेबल, दोन पातेली त्यांनीच दिली. आता दर शुक्रवारी तो त्यांच्याकडे जेवतो आणि जेवणानंतर बायबल वाचून त्यावर गप्पा होतात. बाईंचं वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, फुकट कोण कुणाला जेवायला घालतं? याच्या डोक्यात काय भरवतील या विचाराने मला झोप नाही."

फुकट कोण घालतं? अहो, आपले आजोबा-पणजोबा शिकले कसे? वार लावून! माझे आजोबा सात घरी जेवून मॅट्रिक झाले आणि त्यातल्या दोन घरांशी आमचं येणं-जाणं अजून आहे. (आपल्याकडे आधी जात विचारायचे, मग पान वाढायचे, हेही खरं. तुमच्या लेकाला त्या घरात कुणी जात विचारलेली नाही.)

त्यांचा काहीच हेतू नाही असं मी म्हणणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्री करणं हे अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळींचं जुनं काम आहे. तिथले ख्रिस्ती पुढारी जॉन मॉट यांनी 1911 मध्ये त्यासाठी समितीच काढली होती, आणि केवळ याच कामासाठीची इंटरनॅशनल स्टुडंट्स नावाची संस्था 1953 पासून चालू आहे. परक्याला घरात घ्यावं ही त्यांच्या धर्माची शिकवण, आणि या मुलाने येशूला मानावं ही मनातली इच्छा. दोन्ही खरं असतं आणि बहुतेक जण ते लपवतही नाहीत.

पण इच्छा त्यांची, डोकं तुमच्या मुलाचं. आनंदीबाई जोशी आठवा. गोपाळरावांनी मदत मागितली तेव्हा मिशनऱ्यांकडून उत्तर आलं, ख्रिस्ती व्हा, मग बघू. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना वाचला. त्यांनी अट न घालता पत्र लिहिलं. 1883 मध्ये अठरा वर्षांची आनंदी त्यांच्या घरी उतरली, त्यांना मावशी म्हणू लागली, हिंदूच राहिली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली. त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई होत्या. त्या इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन आलेल्या, आणि तरी तिथल्या सिस्टरांशी धर्मावर वाद घालणं त्यांनी सोडलं नव्हतं. आनंदीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, ठेवल्या गेल्या.

आणि बाई, तुम्ही पत्रात लिहिलंयत की माहेर दादरचं, शाळा कॉन्व्हेंट. म्हणजे दहा वर्षं सिस्टरांच्या हाताखाली काढलीत, दहावीच्या आधी माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी मेणबत्तीही लावली असेलच. तुम्ही नाही ना बदललात?

मला काळजी वेगळीच आहे. चार पानी पत्रात त्या जोडप्याचं नावसुद्धा नाही! गादी घेतली, पातेली घेतली. तुम्ही त्या बाईंना एक फोन केलात का?

आमचं सांगते. 1986 च्या जानेवारीत मी ओहायोत कोल्हापुरी घालून उतरले. यांच्या ओळखीच्या चर्चमधल्या आजींनी मुलीचे जुने बूट आणले. मोठे होत होते म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि गुडघ्यावर बसून स्वतः नाड्या बांधल्या. दर ईस्टरला चर्चला बोलवायच्या. एकदा ह्यांनी स्पष्ट सांगितलं, आम्ही येणार नाही आणि धर्मही बदलणार नाही. आजी गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं. पुढच्या शुक्रवारी तेच टेबल, तेच सूप, आणि माझ्यासाठी बिनचिकनचं वेगळं छोटं भांडं. दुसऱ्या एका गटातला तरुण मात्र नकार ऐकल्यापासून लाँड्रीत समोर आला तरी ओळख दाखवेना. मुलाला एवढंच सांगा: नको असेल तिथे नीट नाही म्हण, आणि त्यानंतर पान वाढलं जातं का ते बघ.

1997 मध्ये या आजी आणि त्यांचे यजमान, दोघं मुंबईला आमच्याकडे आले. रविवारी प्रार्थनेला जायचं म्हणाले. मी गोखले रोडवर वाढलेली, पण पोर्तुगीज चर्च माझ्यासाठी जन्मभर बसस्टॉपच होता. ऐटीत तिथे नेलं. ते प्रोटेस्टंट आणि चर्च कॅथलिक, हे मला दारात कळलं. दोघं हसले आणि आत जाऊन बसले. मीही बसले, पहिल्यांदा.

त्यांचं नाताळचं पत्र दरवर्षी यायचं. मी 2003 पर्यंत उत्तरं लिहिली. मग मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, "या रविवारी लिहिते". 2011 मध्ये त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. आजी गेल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या खणात माझं ते शेवटचं पत्र सापडलं म्हणून तिने मला कळवलं होतं.

तेव्हा मुलाकडून नंबर घ्या आणि येत्या रविवारी फोन करा. तुमचं इंग्रजी मोडकं असेल तर असू दे, त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. महिन्यातून एका शुक्रवारी पोराने त्यांच्याच ओट्यावर पिठलं-भात करून वाढावा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला गाव ओस पडतं, तेव्हाही ते त्याला बोलावतीलच. रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणावं.

बाकीचे प्रश्न. तो बीफ खातो का, हे त्याला विचारा. केस वाढवलेत, तर वाढू देत. आठवड्यातून एकदाच फोन करतो? आमचा दोन आठवड्यांनी करायचा.

डिसेंबरात दादरला याल तेव्हा त्या दोघांसाठी भाजणीच्या चकल्या पाठवा. डब्यावर 'तिखट' असं इंग्रजीत ठळक लिहा. आमचे ओहायोचे आजोबा पहिली चकली खाऊन नळाखाली तोंड धरून उभे राहिले होते.