मोर्चा काढल्याने लोकप्रतिनिधींना खरंच जाब द्यावा लागतो का, की दोन दिवस बातमी होते आणि सगळे विसरतात?

बातमीवाले विसरतातच. मोर्चेकरी विसरतात की नाही, त्यावर पुढचं ठरतं. मला एकच मोर्चा आतून ठाऊक आहे, त्याच्यावरूनच सांगतो.

मी सुरगाणा तालुक्यातला. मार्च 2018 मध्ये किसान सभेचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डाव्या संघटनेचा, लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला, त्यात माझे बाबा होते. नाशिक ते मुंबई, साधारण 180 किलोमीटर, भर उन्हातून. मी तेव्हा नाशिकला कामाला होतो, सुट्टी मिळेना, म्हणून शेवटच्या दिवशी रेल्वेने जाऊन ठाण्याच्या पुढे त्यांना गाठलं. टीव्हीवर सगळ्यांनी फुटलेल्या टाचा पाहिल्या. त्यामागे गावोगावी आधीच गोळा केलेले तांदूळ-पीठ होतं, आणि पुढच्या मुक्कामी आधी पोचून चुली मांडणारी माणसं होती. बाबांच्या पिशवीत एक चादर, एक ताट आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले वनदाव्याचे कागद. "कागद कशाला आणले?" म्हटलं, तर म्हणाले, "कुणी विचारलं तर दाखवायला नको?"

कुणी विचारलं नाही, ते सोडा. पण मागणीचं मूळ त्याच कागदांत होतं. वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी माणूस कसत आला, ती 4 हेक्टरपर्यंत त्याच्या नावे व्हायला हवी. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षं पडून, किंवा मंजूर झाले तरी कसतो त्याच्या पाव तुकड्यापुरते. कर्जमाफी, हमीभाव, नद्यांचं पाणी गुजरातेत वळवायला विरोध, याही मागण्या होत्या, पण आमच्याकडची माणसं चालली ती मुख्यतः पट्ट्यासाठी, म्हणजे कसत्या वनजमिनीचा आपल्या नावाचा कागद मिळावा म्हणून.

11 मार्चला मुक्काम सोमय्या मैदानावर पडला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, मुलांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघालो. वाटेत मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण स्पष्ट बोलायचं तर त्या रात्रीचं कौतुक जरा जास्तच झालं. आमच्या शिस्तीवर रकाने भरले आणि सहाव्या ओळीत कुठेतरी मागणी.

12 तारखेला मुख्यमंत्री फडणवीसांबरोबर बोलणी झाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तोंडी "बघतो, करतो" घेऊन उठायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. लेखी मिळालं, मुख्य सचिवांच्या सहीने, आणि वनदावे सहा महिन्यांत निकाली काढू अशी मुदतही त्यात आली. सभेत दिलेला शब्द वाऱ्यावर जातो. सही आणि मुदत असलेला कागद पुढच्या वेळी समोर ठेवता येतो. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समितीही असते. ती किती झटते हा भाग वेगळा.

सहा महिने गेले. काही पट्टे मिळाले, बरेच नाहीत. मग फेब्रुवारी 2019 मध्ये पुन्हा निघाले. या वेळी नाशिक ओलांडतात न ओलांडतात तोच मंत्री बोलणी करायला आले आणि तिथेच मोर्चा थांबला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघाला तो मुंबईच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला थांबला. तेव्हा मुख्यमंत्री शिंदे सभागृहात निवेदन करून मोकळे झाले, तरी माणसं लगेच उठली नाहीत. अंमलबजावणीचे आदेश निघू द्या, मग जातो, म्हणाले. पहिल्यांदा सरकारपर्यंत पोचायला आझाद मैदान गाठावं लागलं होतं. नंतरच्या दोन्ही वेळी सरकारच वाटेत आलं. मी याला जाब देणं म्हणतो, भले अर्धंमुर्धं असो.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडली नाही. 2018 मध्ये आमच्या कळवण मतदारसंघाचे आमदार जे. पी. गावित स्वतः त्या मोर्चाचे पुढारी होते. म्हणजे जाब विचारायचा तो आमदारच आमच्या रांगेत. आणि 2019 च्या विधानसभेला ते पडले! मोर्चात चालणारी माणसं आणि मतदान करणारी माणसं तीच असतात, पण हिशेब दोन वेगळ्या वह्यांत लिहितात बहुतेक.

तुमच्या गावचा रस्ता, पाणी, जे काही असेल त्यासाठी मोर्चा काढणार असाल तर निवेदन देताना पोच घ्याच. बैठक झाली की इतिवृत्ताची प्रत मागा, त्यात अधिकाऱ्याचं पदनाम आणि तारीख आहे का बघा. नसेल तर तिथेच लिहून घ्या, उठून बाहेर आल्यावर कुणी लिहीत नाही. महिन्याने माहिती अधिकारात त्याच तारखेवर बोट ठेवून विचारा.

आमचं विचाराल तर तीन एकर कसतो, कागद आला 23 गुंठ्यांचा. अपील केलंय. बाबांनी ती प्लास्टिकची पिशवी अजून खुंटीलाच टांगून ठेवली आहे, चादर तेवढी धुऊन आत परत घातली.