मसाल्याच्या डब्यामागची गोळी

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

धाकट्या भावाला मनाच्या दुखण्यावरची गोळी द्यावी की नाही यावरून घरात भांडण, आणि "काका, बरोबर कोण? आई की बाबा?" असं तू पत्रात विचारलंयस. म्हापशात औषधांच्या दुकानात ४० वर्षं काढली, तरी याचा निवाडा मी करणार नाही. तूही करू नकोस. १९ वर्षांच्या पोरीला घरात पंच करून बसवलंय, हेच मला पटलेलं नाही.

पण लपवाछपवी मात्र थांबायला हवी. आई ती गोळी, सर्ट्रालिन, मसाल्याच्या डब्यामागे ठेवते, बाबा कामाला गेले की धाकट्याला देते, आणि ते घरी असले की त्या दिवशीची राहून जाते. या औषधाला हे चालत नाही. रोज नेमाने घेतली तरी त्याचं ते पुन्हापुन्हा हात धुणं, दहादा कडी तपासणं कमी व्हायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. मध्येच सुटली की चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं. त्यावर बाबा म्हणणार गोळीनेच पोर बिघडलं, आई म्हणणार चुकली म्हणून बिघडलं. डॉक्टरला खरं कोणीच सांगत नाही. तो बिचारा फरक नाही असं ऐकून डोस वाढवतो.

आमच्या घरी हेच झालंय. लपवणारा मी होतो. दिवसभर लोकांना "कोर्स पुरा करा" म्हणून बजावणारा मी, स्वतःच्या मुलाची गोळी बायकोच्या नकळत अधूनमधून गाळायचो. मुलाचा डोस दुप्पट झाला, तरी माझं तोंड उघडलं नाही. खरं सांगायला मला वर्ष लागलं. त्यानंतरचं वर्ष फार बरं गेलं असंही नाही.

बाबांची भीती हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांनी मोबाइलवर वाचलं ते खोटं नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ साली या जातीच्या गोळ्यांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्या शंभरांत साधारण चौघांत दिसलं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोघांत. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव दिला नव्हता, एवढं त्यांना सांग. सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलला की पोरावर नजर ठेवायची असते, ती यासाठीच. आता बघ, घरात सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस म्हणजे बाबा, आणि नजर ठेवायची कधी हेच त्यांना माहीत नाही. (१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव. फुकट आहे, रात्रीही लागतो.)

आजीने देवळात प्रसाद लावला, देवाला कौल मागितला, त्यावर तू वैतागलीस. मी नाही वैतागणार. कौल घ्यायला सगळं घर एकत्र उभं राहतं आणि उत्तर सगळे एकदमच ऐकतात. बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीतही तसंच जा, आई आणि बाबा दोघंही. कोणी ओळखीचं बघेल म्हणून बाबा टाळतात ना? मनावरच्या संमोहनासाठी गाजलेल्या आबे फारियाच्या पणजीतल्या पुतळ्याशी पाहुण्यांचे फोटो काढताना आपल्याला लाज वाटत नाही, मनाचं दुखणं घेऊन रांगेत उभं राहताना मात्र वाटते. असो. बाबांनी डॉक्टरला एवढं तरी विचारावं, की आधी नुसती थेरपी करून बघता येईल का? त्रास फार नसेल तर तसं करतात. असेल तर थेरपी आणि गोळी दोन्ही. कदाचित तिथेच दोघांचं जुळेल.

डब्यामागचं आईनेच बाबांना सांगायचं, रविवारच्या आत. तू सांगायला जाऊ नकोस, निरोप्या होशील.

आणि एक. पत्र चार पानी आहे, दोनदा वाचलं. धाकटा १३ वर्षांचा आहे, गोळी त्याच्या पोटात जाते. तो काय म्हणतो, ते एका ओळीतही नाही. त्याला विचार आणि मला कळव.

तुझा,
काका