.४५ एसीपीच्या पुंगळ्यांत दोन मापांचे प्रायमर निघाले, तर रीलोडिंग कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्या (पितळी कवचं) रीलोडिंगसाठी, म्हणजे पुन्हा भरून वापरायला, गोळा केल्या, त्यात काहींची प्रायमरची (बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) जागा, म्हणजे पॉकेट, लहान निघाली. आता त्या भंगारात टाकायच्या, की पॉकेट कोरून मोठं करायचं? दोन्ही नको. वेगळ्या काढा आणि खुशाल वापरा. (तुमच्याकडे रीलोडिंगला कायद्यानं परवानगी आहे असं धरून लिहितोय.)

हा घोळ मी स्वतः घालून बसलोय. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांडा ओढला की भरण्याचे सगळे टप्पे एकदम करणारं यंत्र) हात छान बसला होता, एकामागून एक काडतुसं तयार होऊन डब्यात पडत होती. मध्येच प्रायमर बसवताना दांडा अडला. तिथं थांबायचं असतं. मी जोर लावला. पुंगळी काढून बघतो तर मोठा प्रायमर लहान पॉकेटच्या तोंडावर चेपून वाकडा झालेला. पेटला नाही हे नशीब. प्रायमरमधलं मिश्रण चिरडलं की पेटण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि शेजारच्या नळीत बाकीचे प्रायमर एकावर एक उभे होते. त्या दिवशी मी डोळ्यांवर गॉगलसुद्धा लावला नव्हता, हेही कबूल करतो.

उलटा प्रकार कमी धोक्याचा, पण वैताग जास्त. प्रेस लहान प्रायमरसाठी लावलेली आणि आत मोठ्या पॉकेटची पुंगळी आली, तर दांडा अडत नाही, त्यामुळे हाताला काही कळत नाही. प्रायमर सैल बसतो किंवा खाली गळून पडतो, आणि पुढच्या टप्प्यावर ओतलेली पावडर फ्लॅश होलमधून, म्हणजे पॉकेटमधून पुंगळीत जाणाऱ्या भोकातून, खाली झिरपते. मग शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी तबकडी) उघडून ब्रशनं दाणे झाडत बसायचं.

फरक किती, तर लहान पिस्तूल प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, मोठ्याचा ०.२१० इंच. म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर आणि सव्वापाच मिलिमीटर. दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या की सहज दिसतो, पण बादलीभर पुंगळ्यांत एखादीच असली तर नजरेतून हमखास सुटते.

.४५ एसीपी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काडतूस, आणि त्याला आधीपासून मोठाच प्रायमर. लहान पॉकेटच्या पुंगळ्या बऱ्याच नंतर आल्या, मुख्यतः शिसंविरहित प्रायमरच्या काडतुसांबरोबर. पुढे साध्या काडतुसांतही त्या दिसू लागल्या. ९ मिमीला लहानच प्रायमर लागतो, त्यामुळे कारखान्याला दोन्हीकडे एकच माप वापरता येतं. म्हणून बुडावरच्या शिक्क्यावर विसंबू नका. एकाच कंपनीच्या पुंगळ्या दोन्ही मापांत सापडतात.

माझी पद्धत सांगतो. पुंगळ्या टम्बलरमध्ये (घासून साफ करणाऱ्या यंत्रात) टाकायच्या आधीच, जुना प्रायमर आत असतानाच, निवडायच्या. लोडिंग ब्लॉकमध्ये (पुंगळ्यांसाठी खळगे असलेला ठोकळा) बुडं वर करून उभ्या करायच्या, बाजूनं प्रकाश सोडायचा आणि ओळीवरून नजर फिरवायची. लहान प्रायमर त्या रांगेत खड्यासारखा डोळ्यांत भरतो. मग डबे वेगळे, लेबलं वेगळी. डोक्यात ही दोन वेगळी कॅलिबर्सच आहेत असं धरून चालायचं. निवडताना एखादी लहान प्रायमरची पुंगळी बुटकी वाटली तर शिक्का वाचा, ती .४५ गॅप या वेगळ्या, आखूड काडतुसाची असेल. तिची लांबी ०.७५५ इंच, एसीपीची ०.८९८.

पॉकेट कोरून मोठं करण्याचा विचार मात्र सोडूनच द्या. मध्य जरा हलला किंवा खोली चुकली की प्रायमर एक तर वर राहणार, नाही तर सैल बसणार. शिवाय दाब झेलणाऱ्या बुडातलंच पितळ तुम्ही खरवडून काढणार. लष्करी पुंगळ्यांवरचा क्रिंप (प्रायमर घट्ट धरायला आत दाबलेली पॉकेटची कड) काढणं हे वेगळं काम आहे, त्याची यात गल्लत करू नका.

आणखी एक सापळा. लहान रायफल प्रायमर लहान पिस्तूल पॉकेटमध्ये बरोब्बर बसतो, व्यास तोच असतो. पण त्याची टोपी कडक असते, पिस्तुलाच्या हॅमरला ती दरवेळी फुटेलच असं नाही. मोठ्या रायफल प्रायमरची तर उंचीच जास्त, तो बुडाबाहेर डोकावतो. पिस्तूल प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आतच बसायला हवा. मी प्रत्येक काडतुसावरून बोट फिरवून पाहतो.

पावडरचं प्रमाण? प्रायमर बदलला की जुना लोड (पावडरचं ठरलेलं माप) तसाच उचलायचा नाही. रीलोडिंग मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर परत जायचं आणि तिथून हळूहळू वर यायचं. माझ्या पिस्तुलात लहान प्रायमरची काडतुसं जराशी मंद निघाली, पण लक्ष्याच्या कागदावर छिद्रं किती जवळजवळ पडतात, त्यात मला फरक दिसला नाही. पुंगळी म्हणून लहान पॉकेटवाली कमअस्सल आहे असं काही नाही.

मी लहान प्रायमरवाल्या पुंगळ्या दोन कामांसाठी राखून ठेवतो. एक, जिथं पुंगळ्या गवतात हरवणार हे आधीच माहीत असतं तिथं. आणि दुसरं, मोठे प्रायमर संपलेत पण ९ मिमीसाठी आणलेले लहान शिल्लक आहेत, अशा वेळी.