पहिला पगार यायच्या आधीचे साडेतेरा हजार

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई दारव्हा तालुक्यातल्या, वय चोवीस, बी.कॉम. झालेल्या. तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी इंग्रजी शाळेत ऑफिस असिस्टंट म्हणून निवड झालीय. पगार ९,५००, रुजू व्हायचं जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मुलाखतीत त्यांना सांगण्यात आलं, "ऑफिसात बसणाऱ्यानं स्मार्ट दिसलं पाहिजे." म्हणून त्यांनी यादी केली: सहा कुर्ता सेट ६,६००, दोन साड्या ३,०००, ब्लेझर १,८००, सँडल ९००, पर्स १,२००. बेरीज १३,५००. पैसे एकतर मोबाइलच्या ॲपवर हप्त्यानं, नाहीतर आईच्या बचत गटातून, नाहीतर पोस्टातली चौदा महिने भरलेली महिना हजाराची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, मोडून. खात्यात शिकवणीचे ३,२०० शिल्लक. आणि आईचं म्हणणं, "एवढे कपडे? लगन हाय काय वो तुयं?"

आईचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. फी भरायला आलेला पालक आधी खिडकीतल्या माणसाकडे बघतो आणि मग ठरवतो, आवाज चढवायचा की नाही. माझी पहिली नोकरी एका पतसंस्थेत होती. दोनच शर्ट होते, एक दांडीवर, एक अंगावर. पावसाळ्यात दांडीवरचा वाळत नसे. दमट शर्ट घालून काउंटरवर बसलं की कसं अवघडायला होतं ते मला माहीत आहे. तेव्हा कपड्यांवर खर्च कराच. प्रश्न फक्त कधी, किती आणि कुणाच्या पैशानं, एवढाच आहे.

आधी ॲप. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे ४९९ फी आधीच कापून १३,००१ हातात येणार आणि २,५५० चे सहा हप्ते, म्हणजे १५,३०० परत करायचे. तेवीसशे रुपये जास्त. ऐकायला फार वाटत नाही. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे धरून हिशेब केला, तर हा दर महिना शेकडा पाचच्या आसपास पडतो. गावचा सावकारही एवढं मागताना जरा इकडेतिकडे बघेल. कर्ज देणाऱ्यानं वार्षिक दर, म्हणजे एपीआर, आधी लेखी दाखवायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲपमध्ये तो कागद उघडून बघा, आकडा पटेल.

आता हाच हप्ता पगारात बसवून बघू. शाळेत वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो, त्याचे १,१४० गेले. उरले ८,३६०. अर्ध्या तिकिटातसुद्धा बसला रोज ४० लागतात म्हणता, महिन्याचे हजार. आरडी हजार. घरी तीन हजार द्यायचं तुम्ही ठरवलंय. राहिले ३,३६०, त्यातून हप्ता गेला की हातात ८१० रुपये. रिचार्ज, डॉक्टर, मैत्रिणीचं लग्न, सगळं त्यातच. शिवाय जुलैचा पूर्ण पगार ऑगस्टात येणार आणि पहिला हप्ता जुलैतच कापला जाणार.

बचत गटाचं कर्ज महिना शेकडा दोननं, म्हणजे ॲपच्या निम्म्याहून स्वस्त, आणि व्याज गटातच राहतं. तरी मी नको म्हणेन, कारण महिना जूनचा आहे. बियाणं, खत, मग निंदण. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर दिसतो, कापसाचा त्याच्याही नंतर. घराला गटाची पत लागते ती नेमकी याच दोन महिन्यांत. ती कुर्त्यांसाठी अडकवू नका.

आणि आरडी तुम्ही मोडायची म्हणता, पण ती मोडताच येत नाही. पोस्टाची आरडी तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंद करता येत नाही, आणि तेव्हाही व्याज मिळतं ते बचत खात्याच्या दरानं. मात्र वर्ष झालं आणि बारा हप्ते भरले की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ६.७ ऐवजी ८.७ टक्के, आणि हा दर वर्षाचा, महिन्याचा नव्हे. तुम्हाला सात हजारांपर्यंत मिळू शकेल. तीनच घ्या. महिन्याचं व्याज बावीस रुपयांच्या आत.

तीनात भागेल? भागेल, पण दुकानात जायच्या आधी शाळेत एक फोन करा. स्टाफला गणवेशाची साडी असते का, आणि तिचे पैसे पगारातून कापतात का? माझ्या भाचीनं अशाच एका शाळेत लागताना सात ड्रेस शिवले. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या हातात दोन एकसारख्या साड्या ठेवल्या आणि पहिल्या पगारातून त्याचे पैसे वळते केले. सातांपैकी चार ड्रेस अजून कपाटात आहेत. त्याच फोनवर नेमणुकीचं पत्र कधी मिळेल आणि मे महिन्याचा पगार देतात का, तेही विचारून घ्या. बऱ्याच खासगी शाळांत उत्तर "नाही" असतं. मग वर्षाचा हिशेब अकरा पगारांचा.

दुसरं, तुमच्या यादीतले चार कुर्ते मोठ्या छपाईचे आहेत. शासनानं १५ मार्च २०२४ ला शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, त्यात जीन्स, टी-शर्ट, गडद रंग, नक्षी आणि छपाई नको म्हटलंय. बायांसाठी साडी, किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. तुम्ही शिक्षक नाही, पण मुख्याध्यापक ऑफिसच्या स्टाफलाही सहसा तेच माप लावतात. फिके, सुती, साधे रंग घेतले तर कुणी बोट ठेवणार नाही.

माझा हिशेब असा. तीन सुती कुर्ते गावच्या शिलाईसकट साडेसातशेप्रमाणे २,२५०. दोन सलवारी ७००, एक काळी, एक राखाडी. पांढरी लेगिन जुलैत घेऊच नका, स्टँडपासून शाळेपर्यंत आपली काळी माती पोटरीपर्यंत चढते. दोन ओढण्या ४००. बाही पाऊण ठेवा, कारण शिक्क्याची शाई आणि झेरॉक्सची पूड लागते ती मनगटाशीच. पूड लागली तर आधी झटकायची आणि थंड पाण्यानं धुवायची, गरम पाण्यानं ती कापडात बसते. साडी आईच्या पेटीतली एक चांगली काढा, ब्लाऊज आणि फॉल-पिकोचे ४५०. मागून पट्टा असलेली सँडल ७००. झाले ४,५००. आरडीवरचे तीन हजार, खात्यातले दीड हजार. उरलेले १,७०० ऑगस्टात पगार हातात येईपर्यंत बसभाड्याला, त्याला हात लावायचा नाही.

पर्स जुनीच चालेल. ब्लेझर? ताई, आपल्याकडे तो डिसेंबर-जानेवारीत सकाळी दोन तास अंगावर राहील. स्नेहसंमेलनात सगळ्याच घालतात असं दिसलं तर तेव्हा बघू.

अमरावतीच्या होलसेल मार्केटबद्दल विचारलंय. तिथं ठोकच्या दुकानात एकेक नग सहसा देत नाहीत, सेट घ्यावा लागतो. तिघीचौघी मिळून जात असाल तर परवडेल, एकटीनं जाण्यात दिवस मोडतो.

दोन पगार झाले की, पोळ्यानंतर, बाकीच्या बाया काय घालून येतात ते बघून आणखी दोन कुर्ते रोखीनं घ्या. त्याआधी पोस्टाचे तीन हजार फेडा, ऑगस्टात दीड, सप्टेंबरात दीड. आणि या गडबडीत आरडीचा हप्ता चुकवू नका, महिन्याला शंभरामागे एक रुपया दंड लागतो आणि लागोपाठ चार चुकले तर खातं खंडित होतं. पासबुक घेऊन सोमवारीच पोस्टात जा, कर्जाचा फॉर्म तिथंच मिळेल.