काटा हलत नसेल तर आधी झोप बघा

तळजाई टेकडीवर रोज चालूनही वजन जागचं हलत नाही, म्हणून तुम्ही आता जेवण आणखी कमी करायला निघालात. ते मात्र करू नका. तुमचं खाणं फारसं चुकत नाहीये. हिंजवडीच्या ऑफिसातून रात्री नऊला घरी पोचणं, मग पुन्हा लॅपटॉप आणि जेमतेम पाच तास झोप, हे मला जास्त खटकतं.

ताण महिनोन्महिने राहिला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन जास्त सोडत राहतात. त्याने रक्तातली साखर वाढते, भूक चाळवते आणि चरबी पोटाच्या आत साठायला लागते. त्यात झोप अपुरी, म्हणजे भूक वाढवणारं घ्रेलिन हॉर्मोन वर आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन खाली. म्हणून रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभ्या उभ्या बाकरवडीच्या पुड्यात हात जातो. त्या वेळी भाजी-भाकरी कुणाला आठवत नाही. याबद्दल स्वतःला बोल लावू नका. (काहींची उलट भूकच मरते नि वजन उतरतं. तेही लक्षण चांगलं नव्हे.)

पंधरा दिवस काट्यावर उभेच राहू नका. सात तास झोपा. उशीर होणार असेल तर रात्रीचा डबा ऑफिसातच खा. संध्याकाळचा चहा बंद. कानात मीटिंग घेऊन टेकडी चढू नका, त्याला मी चालणं म्हणतच नाही. आणि एकदा थायरॉईड, साखर तपासून घ्या. मूळ तिथेही असू शकतं.

रविवारी सहाला या, सोबत चढू.