आधी एक मजला खाली जाऊन ये

"मावशी, नमस्कार. आम्ही बेळगावात, टिळकवाडीत अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. दीड वर्षामागं गेटपाशी पावसात कुडकुडणारं गावठी पिल्लू मुलीनं उचलून आणलं, तोच आमचा सोन्या. आम्ही दोघंही नोकरीला, मुलगी शाळेत, म्हणून दिवसभर त्याला गॅलरीत बांधतो. दुपारी कामाच्या अक्का येतात, त्या त्याच्याशी कन्नडच बोलतात, त्यामुळे 'कुंद्रू' म्हटलं तरच बसतो! भुंकण्याच्या तक्रारी येतात. खालच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जी तर त्याला बघितलं की दारच लावून घेतात. जुलैत त्या जिन्यात घसरल्या, फार काही लागलं नाही, पण तेही सोन्याच्या नावावर. आता कमिटीनं बहुमतानं ठराव करून पंधरा दिवसांत कुत्रा हलवा म्हणून नोटीस दिलीय. आम्ही मराठी म्हणूनच हे चाललंय असं वाटतं. हे म्हणतात, खानापूरकडं मामांच्या शेतावर सोडून येऊ. मुलगी नीट जेवत नाही. काय करू?"

अगं, आधी तुझ्या जिवाचा घोर कमी करते. सोन्याला कुठंही हलवायचं नाही. भारतीय पशू कल्याण मंडळानं २०१५ सालीच स्पष्ट केलंय की रहिवासी संघटनेला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, मग ठराव बहुमतानं झालेला असो. लिफ्टही नाकारता येत नाही. हे दोन ओळींत लिहून, सोन्याच्या लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स जोडून कमिटीला दे आणि पोच घे. रेबीजची लस दरवर्षी देतेस ना? राहिली असेल तर आधी ती, मग पत्र.

पण तोच कायदा तुझ्याकडंही बोट दाखवतो. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला सोडून देण्याला गुन्हा म्हणतो, तसंच त्याला तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवण्यालाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गॅलरीत बांधलेला सोन्या ओरडणार नाही तर काय करेल? रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं, प्रत्येक गाडी त्याला दिसते आणि जागचं हलता येत नाही. उद्यापासून त्याला मोकळा, घरात ठेव. गॅलरीचं दार बंद. ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास चांगला फिरव, दमला की झोपेल. तुझी वापरलेली सुती ओढणी त्याच्या पोत्यावर टाकून जा. निघताना लाडीगोडी नको, आल्यावरही लगेच मिठ्या नकोत. आणि एक दिवस जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेव. एकटेपणानं घाबरणारी कुत्री बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच जास्त ओरडतात. तसं असेल तर सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं बाहेर जाऊन परत येत त्याला सवय लाव. महिना लागेल. अक्कांना विचारून बघ, दुपारी दहा मिनिटं त्याला खाली नेतील का. त्याचे वेगळे पैसे दे.

आता मला पत्रातली जी ओळ सगळ्यात जास्त लागली तिच्याकडं येते. "जुलैत त्या जिन्यात घसरल्या, फार काही लागलं नाही." तू अर्ध्या वाक्यात उरकलंस. बेळगावचा जुलै तुला सांगायला नको. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, फरशीला ओल सुटते. त्यात सोन्या फिरून येतो, चार ओले पंजे जिनाभर उमटवतो, वर अंग झाडतो. त्या फरशीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, हे त्या बाईंना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या दार लावून घेतात ते रागानं नव्हे, भीतीनं. लागलं का म्हणून विचारायला गेली होतीस का गं? पत्रात तसं कुठं दिसलं नाही.

आणि भाषेचं. मी याच गावात म्हातारी झाले. सीमेचं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको, ते खरं आहे आणि खोल आहे. म्हणूनच ते जिन्यातल्या ओल्या पंजांवर खर्च करू नकोस. एकदा का ही भांडणं मराठी-कानडी झाली की इमारतीतला प्रत्येक जण आपापल्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि सोन्याचा प्रश्न कुणालाच सोडवायचा नसतो. खडे बाजारात भाजी घेताना आपण दोन्ही भाषांत घासाघीस करतोच की. तुझा कुत्रा तर बसतोच कन्नडमध्ये!

गेटच्या आत एक जुना टॉवेल टांगून ठेव. फिरून आल्यावर चारही पाय तिथंच पुसायचे, मग वर. जिन्यात पट्टा आखूड, तुझ्या डाव्या हाताला, कठड्याची बाजू लोकांना मोकळी. अज्जींची देवळात जायची वेळ विचारून घे आणि तेवढा वेळ सोन्याला खाली आणू नको. विष्ठा उचलायला कागद-पिशवी खिशात हवीच.

शेतावर सोडायचं मात्र डोक्यातून काढ. खानापूरच्या जंगलालगतच्या गावांत बिबट्या कुत्री उचलतो, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार. घरात वाढलेला, रात्री पलंगाखाली झोपणारा सोन्या तिथं किती दिवस टिकेल? यजमानांना हे शांतपणे सांग. त्यांनाही कुत्रा नकोसा झालेला नसावा, रोजच्या तक्रारी नकोशा झाल्यात.

तेव्हा कमिटीला पत्र देण्याच्या आदल्या दिवशी अज्जींकडं जा. सोन्याला नको, मुलीला ने. शाळेत कन्नड शिकते, तिचं तुझ्यापेक्षा बरं असेल. हातात थोडा कुंदा असू दे. आधी पायाचं विचार, टॉवेलचं सांग, आणि त्यांना किती वाजता जिना मोकळा हवा ते विचारून ये. ठरावाचा विषय त्या दिवशी काढूच नको. काय म्हणाल्या ते मला कळव.